कण्हेर : लागवड, निगा आणि सुरक्षितता

देशातील महामार्गांच्या दुभाजकांवर, रेल्वे स्थानकांच्या आवारात आणि नगरपालिकांच्या उद्यानांत पांढऱ्या, गुलाबी व लाल फुलांनी बहरलेली जी सदाहरित झुडपे दिसतात, त्यांत कण्हेरीचे स्थान महत्त्वाचे आहे. अल्प पाणी, हलकी जमीन आणि वाहनांचा धूर सोसूनही ती फुलते. मात्र हीच वनस्पती अत्यंत विषारी आहे. त्यामुळे तिचा विचार उद्यानविद्येबरोबरच सार्वजनिक आरोग्याच्या अंगानेही करावा लागतो.

वनस्पतीची ओळख

कण्हेरीचे शास्त्रीय नाव ‘नेरियम ओलिअँडर’ असून ती ॲपोसायनेसी कुलातील आहे. भूमध्य सागरी प्रदेशापासून भारतीय उपखंडापर्यंत आणि पुढे चीनपर्यंत तिचा आढळ आहे. संस्कृतमध्ये तिला ‘करवीर’ म्हणतात. झुडूप साधारणतः २ ते ४ मीटर उंच वाढते. पाने लांबट, चिवट असून बहुधा तीन-तीनच्या मंडलात येतात. पानांची बाह्यत्वचा अनेकस्तरी असते आणि पर्णरंध्रे खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असतात. त्यामुळे बाष्पोत्सर्जन कमी होते. शुष्क परिस्थितीशी जुळवून घेण्याचे हे उदाहरण वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासात नेहमी दिले जाते.

पिवळ्या, घंटेसारख्या फुलांची ‘पिवळी कण्हेर’ किंवा ‘बिट्टी’ ही त्याच कुलातील, पण वेगळी वनस्पती होय. तीही विषारीच आहे.

लागवड व निगा

कण्हेरीची अभिवृद्धी प्रामुख्याने छाट कलमाने होते. अर्धवट जून झालेल्या फांदीचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे घेऊन, खालची पाने काढून, ते पावसाळ्याच्या सुरुवातीस वाळूमिश्रित मातीत लावतात. बियांपासूनही रोपे होतात. परंतु मातृवृक्षाचा रंग व गुण त्यांत टिकेलच असे नाही.

भरपूर सूर्यप्रकाश ही या झुडपाची मुख्य गरज आहे. सावलीत ते उंच व विरळ वाढते आणि फुले कमी येतात. जमीन हलकी चालते, मात्र पाण्याचा निचरा हवा. खड्ड्यात शेणखत मिसळून रोपे दीड ते दोन मीटर अंतरावर लावावीत. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात नियमित पाणी द्यावे. पुढे मुळे खोल गेल्यावर गरज कमी होते.

फुले नव्या फुटीवर येत असल्याने छाटणीला विशेष महत्त्व आहे. मुख्य बहर ओसरल्यावर फांद्यांचे शेंडे छाटल्यास बगलफूट वाढून झुडूप भरगच्च होते. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा, तसेच पिठ्या ढेकूण व खवले कीड आढळते. प्रादुर्भाव थोडा असताना किडलेले शेंडे काढून टाकणे आणि निंबोळी तेलाची फवारणी हे उपाय पुरेसे ठरतात.

महामार्ग आणि कण्हेर

केंद्र सरकारने २०१५ मध्ये हरित महामार्ग धोरण जाहीर केले. त्यात प्रकल्पखर्चाच्या १ टक्का रक्कम वृक्षारोपण व त्याच्या देखभालीसाठी राखून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. दुभाजकावर उंच वृक्षांऐवजी झुडपे लावली जातात, कारण ती समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांचा झोत अडवतात आणि वाहन धडकल्यास जाड खोडाइतकी घातक ठरत नाहीत. कण्हेर कडू व विषारी असल्याने मोकाट गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. कुंपण नसलेल्या जागी तिची निवड होण्यामागे हेही एक कारण आहे.

विषारीपणा आणि दक्षता

जो गुण झुडपाचे रक्षण करतो, तोच धोक्याचे मूळ आहे. कण्हेरीच्या सर्व भागांत ओलिअँड्रिनसारखी हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइडे असतात. ती पेशीतील सोडियम-पोटॅशियम पंपाचे कार्य रोखतात. परिणामी उलट्या, भोवळ व हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता उद्भवून मृत्यूही ओढवू शकतो. पाने वाळल्यावरही विष नष्ट होत नाही. म्हणूनच ताजी पाने टाळणारी जनावरे चाऱ्यात मिसळलेल्या वाळक्या छाटणीने दगावू शकतात.

केरळमध्ये २०२४ साली कण्हेरीच्या विषबाधेचा संशय असलेल्या एका मृत्यूनंतर त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात या फुलांचा वापर थांबवला. आयुर्वेदात करवीराचा वापर शोधनसंस्कारानंतरच सांगितला असून, औषधे नियम, १९४५ च्या अनुसूची ‘ई-१’ मधील विषारी द्रव्यांत त्याचा समावेश आहे.

यावरून काही नियम निघतात. शाळा, अंगणवाड्या, खेळाची मैदाने व गोठे यांजवळ कण्हेर लावू नये. छाटणी करताना हातमोजे वापरावेत आणि नंतर हात धुवावेत. छाटलेल्या फांद्या जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. त्या जनावरांच्या आवाक्याबाहेर पुराव्यात. विषबाधेची शंका येताच घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णाला रुग्णालयात न्यावे.

काटक झुडपे हरितीकरणाचा खर्च कमी करतात, हे खरे. तथापि सार्वजनिक जागेसाठी वनस्पती निवडताना तिची तग धरण्याची क्षमता जितकी महत्त्वाची, तितकाच तेथे वावरणाऱ्या माणसांचा व जनावरांचा विचारही महत्त्वाचा आहे.

सरावासाठी प्रश्न

१. कण्हेरीच्या पानांची रचना शुष्क हवामानाशी कशी सुसंगत आहे?
२. महामार्गांच्या दुभाजकांवर कण्हेर लावण्याचे लाभ व मर्यादा स्पष्ट करा.
३. सार्वजनिक हरितीकरणासाठी वनस्पतींची निवड करताना कोणते निकष असावेत? सोदाहरण चर्चा करा.