तीन मिनिटं बारा सेकंद : एका विक्रमाची पाठचिकित्सा

'पाठचिकित्सा' हा शब्द ऐकला की वर्गातल्या निम्म्या जणांना जांभई येते. जुनी पोथी, पाठभेद, क्षेपक ओव्या, हे सगळं परीक्षेपुरतं असं आपण धरून चालतो. पण हीच पद्धत वापरून अलीकडे एका व्हिडिओ गेमचा विक्रम तपासला गेला, आणि तो टिकला नाही. ती गोष्ट समजून घेऊया. गेम खेळत नसाल तरी चालेल, लागेल तेवढं सांगते.

स्पीडरन म्हणजे काय?

एखादा गेम कमीत कमी वेळात संपवणं आणि त्याचा व्हिडिओ पुरावा म्हणून देणं, याला स्पीडरन म्हणतात. त्याचे प्रकार असतात. समजा, तुम्ही सायकलने बेळगावहून निपाणीला निघालात. काकती, हत्तरगी, संकेश्वर, तवंदी घाट आणि मग निपाणी. एका दमात गेलात आणि घड्याळ लावलंत, तर तो सलग रन. दुसरा प्रकार तुकड्यांचा. काकतीपर्यंतचा टप्पा दहा वेळा मारायचा, त्यातला सगळ्यात चांगला ठेवायचा, तिथूनच पुढचा टप्पा सुरू करायचा आणि शेवटी सगळ्या वेळांची बेरीज करायची. यात लबाडी काहीच नाही, कारण 'हा तुकड्यांचा रन आहे' असं आधीच सांगितलेलं असतं. तिसरा प्रकार संगणकाच्या मदतीने केलेला. तोही उघड सांगून.

म्हणजे गेममधल्या त्रुटीचा फायदा घेणं, भिंतीतून पलीकडे जाणं, हेसुद्धा बऱ्याच प्रकारांत चालतं. फक्त काय केलं ते लपवायचं नाही. पण तवंदी घाटाचा चढ नको म्हणून त्या जागी दुसऱ्याच कुठल्या तरी सपाट रस्त्याचा व्हिडिओ जोडला, तर? सायकल खरी, पाय खरे, घामही खरा. तरी तो बेळगाव-निपाणी प्रवास राहत नाही.

डायाब्लो आणि त्याचं बी

'डायाब्लो' हा ब्लिझर्ड कंपनीचा १९९६ च्या अखेरीस आलेला ॲक्शन रोल-प्लेइंग गेम. ट्रिस्ट्रम नावाचं गाव, गावातलं पडकं कॅथेड्रल, आणि त्याच्या खाली सोळा मजले. सगळ्यात खालच्या मजल्यावर डायाब्लो. गंमत अशी की हे मजले कोणी आधी काढून ठेवलेले नाहीत. दर नव्या खेळात ते नव्याने तयार होतात. जिना कुठे, खोली कुठे, पेटी कुठे, सगळं बदलतं.

पण संगणकाला खरीखुरी मनमानी येत नाही. तो एक आकडा घेतो आणि त्यावरून हिशेबाने सगळं रचतो. या आकड्याला 'सीड', म्हणजे बी म्हणतात. जे पेराल तेच उगवतं, हे निपाणीकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. डायाब्लोत हे बी संगणकाच्या घड्याळावरून, नवा खेळ सुरू केला त्या सेकंदावरून ठरतं. त्यामुळे एका खेळाचे सोळाही मजले एकाच बियाण्याचे असतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विक्रम आणि शंका

२००९ मध्ये 'ग्रूबो' या नावाने खेळणाऱ्या पोलिश खेळाडूचा तीन मिनिटं बारा सेकंदांचा डायाब्लो रन स्पीड डेमोज आर्काइव्ह या संग्रहात आला. तुकड्यांचा रन, आणि तसंच सांगितलेलं. गिनीज बुकानेही त्याची नोंद घेतली. पुढे पंधरा वर्षं कोणी त्याच्या जवळपास पोचलं नाही.

मग ॲलन सेसिल आणि त्यांच्या साथीदारांनी संगणकाच्या मदतीने तो वेळ गाठायचा प्रयत्न केला. यंत्रालाही जमेना. व्हिडिओत मजल्यामागून मजला खाली जायचा जिना हाताशीच सापडत होता. इतकं नशीब एकाच खेळात?

त्यांनी काय केलं बघा. खेळाडूला 'कबूल कर' म्हणत बसले नाहीत, तर व्हिडिओ हाच पाठ मानून वाचायला घेतला. गेमचं घड्याळ १९७० ते २०३८ एवढ्याच काळातले सेकंद धरतं, म्हणजे शक्य बियाणी दोनशे कोटींहून थोडी जास्त. माणसाला अशक्य, संगणकाला शक्य. एकेक बी घेऊन त्यातून उगवणारे मजले व्हिडिओतल्या मजल्यांशी ताडून पाहिले. सगळे मजले ज्यातून येतील असं एकही बी सापडलं नाही. अर्थ सरळ होता : वेगवेगळ्या खेळांतले मजले एकत्र जोडलेले होते. संग्रहाने तो रन काढून टाकला. खेळाडूचं म्हणणं असं की रन जोडलेलाच आहे हे आपण कधी लपवलं नव्हतं. पण संग्रहाच्या नियमात 'तुकडे' म्हणजे एकाच प्रवासाचे तुकडे होते.

आपल्याला यातून काय?

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तीनशे वर्षं हातांनी नकला होत गेल्या आणि त्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असं बजावलंही. नकला करणाऱ्या कुणाला विचारायला जाणार? ते केव्हाच गेलेले. साक्ष द्यायला उरतो तो पाठच. भाषा, छंद, संदर्भ यांत कुठला सांधा बसत नाही, ते तोच सांगतो.

घातलेली ओवी वाईटच असते असं नाही. ती सुंदरही असू शकते. तसाच ग्रूबोचा एकेक तुकडा कौशल्याचा असेल. प्रश्न सौंदर्याचा नाहीच, 'हे कोणाचं, आणि हे एकच आहे का?' हा आहे.

'एका गेमसाठी एवढं कशाला?' असं कुणी म्हणेल. पण त्या आकड्यामुळे कितीतरी खेळाडूंनी प्रयत्नच सोडले, असं तपास करणाऱ्यांचं म्हणणं आहे. प्रामाणिकपणे खेळून आलेला वेळ तीन मिनिटं बारा सेकंदांशेजारी फिका दिसायचा. खोटं मोजमाप असं काम करतं : ते जिंकणाऱ्याला जेवढं देतं त्याहून जास्त बाकीच्यांकडून काढून घेतं.

तेव्हा पुढच्या वेळी मोबाईलवर एखादी कविता मोठ्या कवीच्या नावाने फिरत आली, तर लगेच पुढे ढकलू नका. दोन मिनिटं थांबून वाचा. त्या कवीची भाषा अशी आहे का? हा शब्द त्याच्या काळात होता का? सगळ्या ओळी एकाच बियाण्याच्या वाटतात का? मग संग्रह काढून ताडून बघा. आपल्या अभ्यासक्रमातली पाठचिकित्सा इथूनच सुरू होते.