कीटकभक्षी वनस्पती व त्यांची भूमी

वनस्पतींनी अन्न निर्माण करावे आणि प्राण्यांनी ते भक्षण करावे, हा सृष्टिक्रम आपण प्राथमिक शाळेपासून शिकत आलो आहो. गाय गवत खाते व वाघ गाईस खातो. परंतु गवतच प्राण्यांस खाऊ लागले, असे कोणी सांगितल्यास आपण त्याची गणना गप्पिष्टांत करू. तथापि या क्रमाच्या उलट वागणाऱ्या वनस्पती पृथ्वीवर आहेत. डास, चिलटे, मुंग्या व पाण्यातील सूक्ष्म जीव यांना पकडून, मारून व पचवून त्या आपल्या अन्नातील उणीव भरून काढतात. अशा वनस्पतींच्या सुमारे आठशे जाती आज शास्त्रज्ञांस ठाऊक आहेत. त्या कोठेतरी दूरदेशीच्या अरण्यांत असाव्यात, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्यांपैकी काही आपल्याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबक व इगतपुरीकडील डोंगरांवर, दर पावसाळ्यात उगवतात. त्यांचा व आशिया खंडातील त्यांच्या भाऊबंदांचा अल्प परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, असे आम्ही योजिले आहे.

प्रथमतः एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. या वनस्पती मांसाच्या लोभाने शिकार करीत नाहीत. त्यांची पाने इतर झाडांप्रमाणेच हिरवी असून सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांच्या साहाय्याने त्या आपली शर्करा आपणच तयार करतात. त्यांस उणीव असते ती नत्राची आणि स्फुरदाची. ही द्रव्ये सामान्य झाडे मुळांवाटे जमिनीतून घेतात. पण ज्या जमिनीत ती नाहीतच, तेथे मुळांनी करावे काय? एखाद्या घरी भाकरीचे पीठ मुबलक असावे, पण डाळीचा दाणा नसावा, तशी या वनस्पतींची स्थिती असते. कीटकाचे शरीर ही त्यांची डाळ होय. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या कातळावर मातीचा थर कित्येक ठिकाणी चार बोटांचाही नसतो. आणि जो असतो, त्यातील सत्त्व चार महिन्यांचा पाऊस धुऊन नेतो. अशा जागी मोठे वृक्ष वाढत नाहीत, उंच गवतही वाढत नाही. पण ज्याने डाळीची सोय अन्य मार्गाने केली आहे, त्यास तेथे ऊन व पाणी यांची वाण नसते.

आता आपल्या डोंगरांवरील दोन प्रमुख शिकाऱ्यांकडे वळू. पहिला 'दवबिंदू'. शास्त्रज्ञ याच्या कुळास ड्रॉसेरा म्हणतात, आणि आपल्याकडील जातीस 'गवती दवबिंदू' असे नाव आहे. हे रोप वीतभर उंचीचे, नाजूक, व पाने दोऱ्यासारखी लांबट असतात. पानांवर तांबूस केस असून प्रत्येक केसाच्या टोकावर एकेक चकाकणारा थेंब असतो. दुपारच्या उन्हात भोवतालचे दव आटून गेले तरी हा थेंब आटत नाही, यावरूनच तो दव नव्हे हे ओळखावे. तो चिकट रस होय. चिलट त्यावर बसले की त्याचे पाय अडकतात. ते सुटण्यासाठी धडपडू लागले की शेजारचे केस त्याच्याकडे वाकतात, आणि कित्येकदा पानही त्यास गुंडाळू लागते. मग केसांतून पाचक रस पाझरतो, मृदू भाग विरघळून पानात शोषला जातो आणि शेवटी कीटकाचे पोकळ कवच तेवढे उरते. श्रावण-भाद्रपदापासून पुढे या रोपास लहान गुलाबी अथवा पांढरी फुले येतात.

या कुळाचा सखोल अभ्यास प्रथम चार्ल्स डार्विन यांनी केला व १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांतील दोन गोष्टी आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. माणसाच्या केसाचा अत्यंत बारीक तुकडा, ज्याचे वजन एका ग्रेनच्या ७८,७४० व्या हिश्श्याइतके होते, तो ठेवताच पानावरील केस वाकला. परंतु वरून पाण्याचे थेंब पडले असता तो वाकला नाही. जे रोप पावसाळ्यातच जगावयाचे, त्याने प्रत्येक सरीस शिकार समजून कसे भागेल? दुसरी गोष्ट अशी की, पानावर काचेचा कण ठेवला तर केस लवकर पूर्ववत होत, पण मांसाचा कण ठेवल्यास ते दीर्घकाळ मिटून राहत. पुढे १८७८ साली डार्विन यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी काही रोपांस मांसाचे कण खाऊ घातले व काहींस उपाशी ठेवले. खाऊ घातलेल्या रोपांस फुले व बिया कितीतरी अधिक आल्या; उपाशी रोपे मेली नाहीत, पण त्यांची संतती कमी झाली. शिकारीचा लाभ कोणता, हे या साध्या प्रयोगाने निश्चित झाले.

दुसरा शिकारी याहूनही विलक्षण आहे. ओलसर कातळावर, उथळ पाणी साचलेल्या जागी, सुताएवढ्या देठांवर निळ्या-जांभळ्या चिमुकल्या फुलांचे जे ताटवे दिसतात, त्यांस मराठीत 'सीतेची आसवे' असे सुंदर नाव आहे. पंचवटीच्या शेजारी राहणाऱ्या आपणां नाशिककरांस या नावातील करुण रस उलगडून सांगावयास नको. शास्त्रीय भाषेत हे कुळ युट्रिक्युलेरिया होय. यांपैकी एका जातीचे वर्णन जॉन ग्रॅहम यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींच्या आपल्या सूचीत १८३९ साली केले होते. वरून पाहता हे फूल निरुपद्रवी दिसते, कारण त्याचे सर्व कपट चिखलाखाली असते. या वनस्पतीस खरे मूळ मुळीच नाही. मुळांच्या जागी धाग्यासारख्या फांद्या असून त्यांवर मोहरीहूनही लहान अशा पिशव्या असतात. पिशवी आतील पाणी सतत बाहेर टाकीत राहते, त्यामुळे तिच्या भिंती आत ओढल्या जाऊन ताणलेल्या राहतात. तोंडाशी आत उघडणारे झाकण व त्यावर काही केस असतात. एखाद्या जलजंतूचा स्पर्श केसास झाला की झाकण उघडते, पाण्याचा लोंढा जंतूसह आत शिरतो व झाकण पुन्हा बसते. या सर्व क्रियेस एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही, असे अलीकडे अतिवेगवान छायाचित्रणाने सिद्ध झाले आहे. वनस्पतींच्या जगात इतकी त्वरित हालचाल क्वचितच आढळते.

या दोन्ही कुळांचा जिल्ह्यातील प्रसार पाहिला असता एक बोधप्रद गोष्ट दिसते. इगतपुरीस वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. येवले-मालेगावकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच. पूर्वेकडील काळ्या, सकस व कोरड्या जमिनीत या वनस्पती शोधणे व्यर्थ होय. पश्चिमेस जसजसे जावे व चढावे, तसतसा कातळ उघडा पडतो, पाणी झिरपू लागते आणि दवबिंदू व सीतेची आसवे यांस योग्य अशी भूमी लागते. अंजनेरीचे पठार चार हजार फुटांहून उंच असून वनस्पतिशास्त्रज्ञांस फार प्रिय आहे. तेथे सापडलेली कंदीलपुष्पाची एक नवी जात २००६ साली शास्त्रात नोंदली गेली आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरीचे नाव गुंफले आहे. सीतेच्या आसवांच्या काही जाती ओल्या खडकांवरील शेवाळात राहतात, तर पिवळ्या फुलांच्या काही जाती तळ्यांत व भातखाचरांत तरंगतात.

नाशिकच्या दक्षिणेस सह्याद्रीच्या धारेने गेल्यास कातळाचा रंग पालटतो. साताऱ्याजवळील कासचे पठार जांभ्या दगडाचे आहे. भाद्रपदात सीतेच्या आसवांनी ते कित्येक ठिकाणी निळे-जांभळे होऊन जाते. पश्चिम घाटातील ज्या स्थळांस २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासचा समावेश आहे. कोकणातील व गोमंतकातील जांभ्या सड्यांवर दवबिंदूची दुसरी जात आढळते. तिची चमच्यासारखी पाने जमिनीस चिकटून चक्राकार पसरलेली असतात. महाबळेश्वरासारख्या उंच व थंड जागी तिसरी जात, अर्धचंद्राकृती पानांची, आहे. भारतातील दवबिंदूच्या या तिन्ही प्रमुख जाती महाराष्ट्रात असणे ही आपल्यास भूषणावह गोष्ट होय.

महाराष्ट्राबाहेर मेघालयात गारो, खासी व जयंतिया टेकड्यांत घटपर्णी आढळते. पानाचे टोक लांबून त्याचा झाकणासह घट बनतो व त्याच्या निसरड्या काठावरून घसरलेला कीटक आतील रसात बुडतो. तिची भारतात ही एकच जात आहे. सिंहलद्वीपातही एकच आहे. परंतु बोर्निओ, सुमात्रा व फिलिपाइन्स या बेटांवर आणि त्यांच्या आसपास मिळून दीडशेहून अधिक जाती आहेत. बोर्निओतील किनाबालू पर्वतावरील राजघटपर्णीच्या घटात दोन लिटरांहून अधिक पाणी मावते व क्वचित उंदीरही बुडालेला आढळला आहे. त्याच बेटावरील एका जातीने तर शिकार जवळजवळ सोडली आहे. खारीसारखा एक प्राणी तिच्या झाकणावरील गोड रस चाटावयास घटाच्या तोंडावर बसतो व त्याची विष्ठा आत पडते. तेवढ्यावर तिची नत्राची गरज भागते. उत्तरेस हिमालयात लोणी लावल्यासारख्या तुळतुळीत पानांची पिंग्विक्युला आहे, आणि सैबेरिया व जपानच्या दलदलींत डार्विन यांनी अभ्यासिलेला वाटोळ्या पानांचा दवबिंदू आहे. याउलट अरबस्तान व मध्य आशियाची वाळवंटे या वनस्पतींवाचून जवळजवळ रिकामी आहेत. आशियाचा नकाशा समोर ठेवून या स्थळांवर खुणा केल्यास आमच्या वाचकांस दिसून येईल की, पर्वत असो वा बेट, थंडी असो वा उष्णता, दोन गोष्टी सर्वत्र समान आहेत: पाणी पुष्कळ, आणि जमीन निःसत्त्व.

येथेच या विषयाचे मर्म आहे. ज्या जमिनीस आपण कनिष्ठ समजतो, तीच यांची मायभूमी. सरकारी दफ्तरात पिकाखाली न येणाऱ्या जमिनीस 'पोटखराब' म्हणतात, आणि नावाप्रमाणेच आपण तिच्याशी वागतो. कोठे मुरूम खणला जातो, कोठे गाड्या फिरविल्या जातात, कोठे इमारतीसाठी कातळ फोडला जातो. एवढेच नव्हे, तर सद्धेतूनेही हानी होते. उघड्या पठारावर खड्डे खणून, बाहेरची माती व खत घालून वृक्ष लावण्याची हौस अनेक शाळांस व संस्थांस असते. वृक्षारोपण पुण्यकर्म खरेच. परंतु ते पठारावर केल्यास तेथे सावली येते, खतावर उंच गवत माजते आणि उन्हात वाढणारी ही चार बोटांची रोपे त्याखाली गुदमरतात. त्यांस दारिद्र्य मारीत नाही, संपन्नता मारते. आल्ड्रोव्हांडा नावाची पाण्यातील कीटकभक्षी वनस्पती याची साक्ष आहे. भारतातून गेलेल्या नमुन्यावरून १६९६ साली तिची प्रथम नोंद झाली. आशिया, युरोप, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या चार खंडांत ती पसरली होती. पण पाणथळ जागा बुजविल्या गेल्याने व शेतांतील खत पाण्यात उतरल्याने ती युरोपातील अनेक देशांतून नाहीशी झाली, व भारतातही अत्यंत दुर्मिळ आहे.

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी हजारो लोक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. पुष्कळ पालक मुलांस बरोबर नेतात. तोच या वनस्पतींचा हंगाम होय. त्या सुमारास डोंगरवाटांवर कोठे पाणी झिरपणारा कातळ लागला, तर मुलांनी पायवाट न सोडता क्षणभर खाली बसून नीट पाहावे. एक साधे भिंग जवळ असल्यास उत्तम. रोप उपटू नये. कुंडीत लावून ते जगत नाही, कारण आपण त्यास चांगली माती देतो. त्याऐवजी तारीख, जागा, फुलाचा रंग व पानाचा आकार वहीत टिपून ठेवावा, व येत असेल तसे चित्र काढावे. आणि शाळेच्या वृक्षारोपणाची जागा ठरविण्याची वेळ आली, म्हणजे उघडे पठार सोडून पायथ्याची उजाड झालेली जमीन निवडावी, असे विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांस नम्रपणे सुचवावे.