टप काढला की गाडी पीळ खाते का?

प्रश्न : एकाच स्पोर्ट्स कारची बंद टपाची कूपे आणि उघडणाऱ्या टपाची कन्व्हर्टिबल अशी दोन रूपं मिळतात. इंजिन तेच असतं. तरी जाणकार कूपेलाच का उचलून धरतात? फरक खरंच जाणवतो, की नुसती मिजास?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : उदबत्तीची पुठ्ठ्याची गोल नळी घ्या. दोन्ही टोकं धरून पिळा. सहजी पिळली जाणार नाही. आता ब्लेडनं तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चीर द्या आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तेवढाच आहे, पण नळी ओल्या फडक्यासारखी फिरते.

आजच्या बहुतेक मोटारींना खाली वेगळी चौकट नसते. पत्र्याचं अंग हाच सांगाडा आणि टप हा त्या नळीचा भाग. तो काढला की चीर पडलीच. मग कंपनी दाराखालचे उंबरठे जाड करते, तळाला तिरक्या पट्ट्या बसवते, पुढची काच धरणारे खांब भक्कम करते (गाडी उलटली तर डोकं वाचवायला पुढं तेच असतात). एवढं करून गेलेला ताठपणा बहुधा पुरता परत येत नाही, वजन मात्र वाढतं.

बीएमडब्ल्यू झेड-3 चा किस्सा मला फार आवडतो, कारण तिथं सगळं उलट्या क्रमानं घडलं. आधी उघडी रोडस्टर आली. कंपनीच्याच काही इंजिनिअरांना ती हवी तेवढी ताठ वाटेना, म्हणून त्यांनी तिच्यावर पक्का टप चढवला आणि 1998 साली कूपे विक्रीला आली. पिळाला तिचा विरोध रोडस्टरच्या अडीच पटींहून जास्त भरला. रूप मात्र असं की लोकांनी तिला ‘विदूषकाचा बूट’ म्हणायला सुरुवात केली!

सरळ रस्त्यावर फरक किरकोळ असतो. 2019 च्या पोर्श 911 कॅरेरा एसची कूपे ताशी 100 किलोमीटरचा वेग 3.7 सेकंदांत गाठते, उघडी कॅब्रिओले 3.9 सेकंदांत. कमाल वेग 308 आणि 306. वजनातला फरक सुमारे 70 किलो, म्हणजे शेजारी एक पाहुणा बसवल्याएवढा.

खरी गोम वळणावर आणि खराब रस्त्यावर. स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचं गणित अंग ताठ आहे असं धरून मांडलेलं असतं. अंगच स्प्रिंगसारखं वागू लागलं, तर चाक काय करतंय हे स्टिअरिंगपर्यंत गढूळ होऊन पोचतं.

पण सगळ्याच उघड्या गाड्यांना एका मापानं मोजू नये. तुमच्या नाशिकच्याच कारखान्यात बनणारी थार घ्या. तिच्या खाली शिडीसारखी वेगळी चौकट आहे, त्यामुळे कापडी टपाच्या थारमध्ये टप फक्त ऊनपाऊस अडवतो. स्पोर्ट्स कार नव्हे ती, पण मुद्दा कळतो. दुसऱ्या टोकाला मॅक्लारेन. 12सी गाडीचा मधला भाग कार्बन फायबरच्या टबाचा. ताठपणा सगळा त्या टबात. त्यामुळे 2012 मध्ये तिची उघडी स्पायडर काढताना सांगाड्याला जादा आधार द्यावा लागला नाही. 40 किलो वाढले, ते टप आणि त्याच्या यंत्रणेचे. माझदा एमएक्स-5 तर जन्मापासूनच उघडी. कूपे कापून ती बनवलेली नाही. म्हणून माझं मत : रेसट्रॅकवर घड्याळ लावणार असाल तर कूपे घ्या. रस्त्यावर मात्र टप आहे की नाही यापेक्षा गाडी मुळात उघडी आखली होती की मागून कापली, हे आधी विचारा.

जुनी कन्व्हर्टिबल बघायला गेलात तर टप उघडून ती गतिरोधकावर सावकाश तिरकी चढवा, आधी एक चाक, मग दुसरं. डॅशबोर्ड करकरला, काचेची चौकट थरथरली किंवा आरशातली मागची गाडी धूसर दिसली, तर किल्ली मालकाला परत द्या.