टोल्ड, आस्क्ड की अ‍ॅडव्हाइज्ड?



आमच्या ओळखीच्या एका मावशींची हकीगत. रक्त तपासायला दिल्यावर डॉक्टर त्यांना म्हणाले, "उद्या तुम्ही मला फोन करा." दुसऱ्या दिवशी मावशींनी सर्जरीत फोन लावला आणि रिसेप्शनवरच्या बाईंना सांगितले, "डॉक्टर टोल्ड, यू कॉल मी टुमॉरो." बाई म्हणाल्या, "ऑल राइट, टुमॉरो देन," आणि फोन ठेवला. बाईंची काही चूक नव्हती. उद्या आपण या आजींना फोन करायचा, असेच त्यांना कळले. रिपोर्ट एक दिवस लांबला आणि त्यामागे औषधही.

मावशींचे इंग्रजी कच्चे नाही. त्या मराठी पद्धतीने बोलल्या, इतकेच. मराठीत आपण दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो आणि पुढे 'म्हणून' जोडतो. "उद्या फोन करा म्हणून सांगितलंय." हा 'म्हणून' अवतरणचिन्हाचे काम करतो. इंग्रजीत तो नाही. तिथे आज्ञा 'टु' लावून सांगायची आणि तुम्ही, मला, उद्या हे सगळे शब्द आपल्या जागेवरून पाहून बदलायचे: "द डॉक्टर टोल्ड मी टु रिंग हिम टुडे." नकार असेल तर 'नॉट' आधी, 'टु' नंतर: "ही टोल्ड मी नॉट टु ईट." तर्खडकरांच्या पाठमालेतून आपल्यापैकी पुष्कळांनी असली वाक्ये घोकली आहेत, पण घोकलेले ऐन फोनवर आठवते थोडेच!

दुसरी अडचण आपल्या 'सांगणे' या शब्दाची. "मी डॉक्टरांना गोळी बदलायला सांगितली" यात मराठी कानाला उद्धटपणा वाटत नाही. परंतु "आय टोल्ड द डॉक्टर टु चेंज द टॅब्लेट" म्हटले की आपण डॉक्टरांना हुकूम सोडल्यासारखे होते. इथे 'आस्क्ड' हवे. 'आस्क' म्हणजे फक्त प्रश्न विचारणे असे आपण शाळेत शिकलो. पण 'आस्क' पुढे माणूस आणि 'टु' आले की ती विनंती होते. 'रिक्वेस्ट' पत्रासाठी ठेवावा, बोलताना तो फार जड पडतो. आणि 'सेड मी' हे कधीच नाही. 'सेड टु मी' किंवा 'टोल्ड मी'.

सल्ल्याचे क्रियापद 'अ‍ॅडव्हाइज', उच्चार शेवटी 'झ'. नाम 'अ‍ॅडव्हाइस', शेवटी 'स', आणि त्याला अनेकवचन नाही. दोन सल्ले म्हणजे 'टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस'. 'सजेस्ट' मात्र वेगळ्या चालीचा आहे. "ही सजेस्टेड मी टु वॉक" ही आपली नेहमीची चूक. "ही सजेस्टेड दॅट आय वॉक" म्हणावे.

आता पत्रांविषयी, कारण खरी गफलत तिथे होते. "यू आर रिक्वायर्ड टु" आले तर ते करणे भागच आहे. "यू आर अ‍ॅडव्हाइज्ड टु" हा सल्ला आहे, पण कचेरीतून आलेला सल्ला दुर्लक्षू नये. १९३१ साली प्रथम निघालेल्या हायवे कोडमध्ये हा भेद स्पष्ट आहे. ठळक मोठ्या अक्षरांतले 'मस्ट' म्हणजे कायदा. 'शुड' म्हणजे सल्ला. तो मोडला म्हणून केवळ तेवढ्यावर खटला होत नाही, परंतु अपघात झाल्यास कोर्टात तो तुमच्याविरुद्ध पुढे करता येतो.

'कमांडेड' हा शब्द देवाला आणि लष्कराला राहू द्यावा. घरी सुनेने 'आज्ञा केली' असे कोणी म्हणत नाही! आपल्या 'आग्रहा'ला मात्र नेमका इंग्रजी शब्द मला अजून सापडलेला नाही. "शी इन्सिस्टेड ऑन माय स्टेइंग फॉर डिनर" म्हणता येते, पण त्यात थोडी जबरदस्ती ऐकू येते आणि ताटात वाढलेली दुसरी पोळी दिसत नाही.

खालील वाक्ये इंग्रजीत करून पाहावीत. उत्तरे पुढील अंकी.

१. उशीर करू नकोस म्हणून आईने मला बजावले.
२. शेजारीण म्हणाली, "रेडिओचा आवाज जरा कमी कराल का?"
३. डॉक्टरांनी बाबांना मीठ कमी खाण्याचा सल्ला दिला.
४. काल तो मला म्हणाला, "उद्या माझ्याकडे ये."