चामड्याविना ढोल

नंदुरबार जिल्ह्यातील खापर हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसले आहे. फाल्गुनात होळी जवळ आली की, या परिसरातील पाड्यापाड्यांतून ढोल घुमू लागतात. वाजविण्यापूर्वी ढोल विस्तवाजवळ धरून शेकतात. उबेने चामड्यातील ओल उडते, चामडे ताणले जाते व आवाज खणखणीत होतो.

ढोलावर आघात होतो तेव्हा चामडे त्या ठिकाणी आत दबते. दबलेला भाग शेजारच्या भागाला ओढतो, तो आपल्या शेजाऱ्याला ओढतो. मग सारे चामडे खालीवर कंप पावते. त्या कंपनांनी हवा हलते आणि नाद कानी येतो. चामडे सैल असेल तर कंपने मंद व नाद खर्जातला. ताणलेले असेल तर कंपने जलद व नाद उंच.

संगणकावर वाद्य रचणारे काही कलावंत हाच नियम घेतात. ते खऱ्या ढोलाचा आवाज मुद्रित करून ठेवीत नाहीत. ते अनेक काल्पनिक वजने काल्पनिक स्प्रिंगांनी एकमेकांस जोडतात आणि प्रत्येकाचा भार व ताण आकड्यांत सांगतात. एका वजनावर आघात केला की बाकीची कशी हलतील, याचे गणित संगणक सेकंदाला हजारो वेळा करतो. त्या गणितातूनच नाद निर्माण होतो. अशा वाद्यास आभासी वाद्य म्हणतात.

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील क्लोद कादोझ यांनी २००१ साली ‘पिको तेरा’ ही सुमारे ५ मिनिटांची रचना या रीतीने केली. तिच्यातील वाद्ये आभासी, तशीच ती वाजविणारी यंत्रणाही आभासी आहे. एकदा गती दिली की, ती आपोआप शेवटपर्यंत वाजत राहते.

गावाएवढा रुंद ढोल कोण मढविणार? संगणकात मात्र आकडे बदलले की तोही वाजतो. हेच या कलेचे नवल आहे.

तथापि चामडे किती शेकावे, किती ताणावे, हे संगणकाला उपजत ठाऊक नसते. ते ढोल मढविणाऱ्याच्या बोटांना व वाजविणाऱ्याच्या कानांना ठाऊक असते. हे ज्ञान कोणी विचारून घेतलेच नाही, तर ते जाणत्यांबरोबरच नाहीसे होईल. मग संगणकाला तरी काय सांगणार? म्हणून नव्या वाद्याची हौस धरणाऱ्याने आधी जुन्या ढोलाजवळ बसावे.

स्वाध्याय
१. ढोल शेकल्याने नाद का बदलतो?
२. तुमच्या गावातील एका वादकाला भेटून त्याच्या वाद्याची माहिती लिहा.