कारखान्याच्या कुंपणाबाहेर

मिरज,
बलिप्रतिपदा

चि. बाळास,


तुझे पत्र आणि सोबतचा पाच वर्षांच्या विक्रीचा आराखडा, दोन्ही सावकाश वाचले. मालाची प्रत, वेष्टन, किंमत, दुकानदाराचे कमिशन आणि प्रतिस्पर्ध्यांचे दर यांचा तू केलेला साक्षेपी ऊहापोह पाहून समाधान वाटले. परंतु ज्या मुलुखात हा माल खपावयाचा तेथील राज्यव्यवस्था, कर, दळणवळण, पाऊसपाणी, लोकांच्या समजुती आणि उद्या येऊ घातलेली यंत्रे या साऱ्यांची बोळवण तू शेवटच्या एका परिशिष्टात केलीस, हे मात्र मनाला लागले. कारखानदार ज्याला आपले धोरण म्हणतो त्याचा मोठा भाग कुंपणाबाहेरच्या परिस्थितीने आधीच ठरविलेला असतो, आणि उरलेल्या भागात शहाणपण दाखवावयाचे तर ती परिस्थिती कोणी निर्माण केली व ती किती मुदतीची आहे हे प्रथम ओळखावे लागते. याचे दाखले तुला परदेशी ग्रंथांतून पुष्कळ मिळाले असतील; मी मिरज-पुणे लोहमार्गावरचेच देतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात जम बसविला, सायकलींच्या दुकानापासून चारा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली, आणि मग नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी जागा हवी झाल्यामुळे कारखाना हलविण्याची पाळी त्यांच्यावर आली. आपल्या या भागात त्या काळी इंग्रजी अंमलाचा सातारा जिल्हा, औंध, सांगली, थोरली मिरज, धाकटी मिरज, कोल्हापूर अशा अनेक सरहद्दी एकमेकींत गुंतल्या होत्या, आणि दर सरहद्दीपलीकडे दरबार निराळा, मर्जी निराळी. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी देऊ केले, तेव्हा निवडुंगाने माजलेल्या आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एका अंमलाने घालविले आणि दुसऱ्याने आश्रय दिला. परंतु आश्रय स्वीकारताना ती जमीन लोहमार्गालगत आहे हे लक्ष्मणरावांनी पाहिले, आणि हे पाहणे मी अस्सल व्यापारी बुद्धीचे मानतो, कारण अवजड लोखंडी माल बैलगाडीने दूरच्या गिऱ्हाइकापर्यंत नेऊ म्हटले असते तर त्याची किंमत वाटेतच दुणावली असती.

पण राजा अनुकूल झाला म्हणून शेतकरी अनुकूल होत नाही. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, अशी त्या काळी दृढ समजूत होती. तेव्हा तुझ्या आराखड्यातल्याप्रमाणे दर उतरविला असता तरी एकही नांगर अधिक खपला नसता. काळ्या रानातली हरळी लाकडी नांगराला आटोपत नाही आणि लोखंडी नांगर ती मुळासकट उपटून काढतो, हे शेतकऱ्याने आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज ती समजूत ढळणारी नव्हती. पुढे 1920 मध्ये तेथूनच ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले, आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याच वाडीतून 1930 मध्ये ‘स्त्री’ व 1934 मध्ये ‘मनोहर’ ही मासिके महाराष्ट्रभर पोहोचली. गिऱ्हाईक गावोगाव विखुरलेले आणि कारखाना आडरानात, या अडचणीवर छापखान्याचा इलाज योजणे आणि नुसता माल विकण्याऐवजी वाचणारा, नव्या वस्तूकडे निर्भयपणे पाहणारा समाज घडविण्यास हातभार लावणे, हा निर्णय माझ्या लेखी नांगराइतकाच थोर आहे.

याच मार्गावर कराडजवळ ओगलेवाडी आहे. पहिल्या महायुद्धाने युरोपातील काचसामानाची आयात आटली, स्वदेशीची भावना जागी होतीच, तळेगावच्या पैसा फंड कारखान्यामुळे काचेची विद्या महाराष्ट्रात रुजू लागली होती. अशा त्रिविध अनुकूलतेत 1916 मध्ये ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. युद्धाने दिलेली अनुकूलता तह होताच परत जाते, हे ध्यानात घे. ती सरल्यानंतरही ओगल्यांचा माल टिकला तो आपल्या गुणांवर. पण कंदिलाचे खरे आयुष्य ओगल्यांच्या हाती नव्हते, विजेच्या तारेच्या हाती होते. 1960 मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, खांब एकेका गावात शिरू लागले, आणि ज्या वस्तूत कसलाही दोष नव्हता तिची गरजच ओसरत गेली. कंदील कितीही सुबक केला असता, कितीही स्वस्त दिला असता, तरी त्याने काय होणार होते? हा दाखला लिहिताना मला खरोखर वाईट वाटते.

आता आपल्या गावाचे पाहा. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, येथल्या पटवर्धन संस्थानिकांच्या फौजफाट्याला पूर्वीचे प्रयोजन उरले नाही, आणि तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांचे पोट ज्या मागणीवर चालत होते ती ओसरू लागली. पुढे 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने उरलीसुरली वाटही अरुंद केली. परंतु 1850 च्या सुमारास, मिरजेच्या दरबारी गायन-वादनाला आश्रय मिळत असताना, फरीदसाहेबांसारखे शिकलगार कारागीर बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता नवी वाद्ये घडवू लागले. शस्त्राची गरज संपली, पण हाताची सूक्ष्म कारागिरी आणि डोळ्यांची पारख संपली नव्हती. ती त्यांनी पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कडू भोपळ्यांवर आणि तुणाच्या लाकडावर खर्च केली. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले, देशभरचे गवई येथे येत-जात राहिले, आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे स्वर गुंजावा यासाठी घोडीला द्यावयाची घासणी, लावणारा हात म्हणून मिरजेची कीर्ती झाली.

या कारागिरांच्या सितारमेकर गल्लीपुढे आज दुसरे संकट उभे आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा येऊन दशके लोटली, आणि आता तर मोबाइलमध्ये अखंड षड्ज-पंचम फुकट वाजतो. वस्तू-सेवा करातून हातांनी घडविलेल्या देशी वाद्यांना सूट आहे, 2024 मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही सरकारची कृपा मोलाची खरी, पण नवशिक्याने रियाजापुरता मोबाइल पुरेसा मानला तर मानांकनाने ते गिऱ्हाईक परत येत नाही. मला वाटते, येथल्या कारागिरांनी त्या यंत्राशी किमतीत झुंजू नये. ज्याला मैफलीत बसावयाचे आहे आणि जवारीतून उमटणारा स्वर ज्याच्या कानाला कळतो, त्याच्यासाठी घडवावे, आणि तुटलेल्या-फुटलेल्या जुन्या तंबोऱ्यांची दुरुस्ती हा व्यवसायाचा मानाचा भाग समजावा, जसा तो आरंभी होता.

म्हणून तुझ्या आराखड्यातील प्रत्येक अनुकूल बाबीसमोर दोन गोष्टी लिही: ही कोणाच्या हातची, आणि ती गेली तर आपल्या कारखान्याला येणारी कोणती विद्या दुसऱ्या कामी लागेल. याखेरीज एक दोष तातडीने दुरुस्त कर. सांगली-साताऱ्याच्या खेड्यांत तू वर्षाच्या चारही तिमाहींत विक्री समान धरली आहेस, ती तशी होणार नाही. येथील घरचा खर्च उसाच्या बिलावर चालतो. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक असला तरी बिले नेहमी वेळेवर पडतातच असे नाही, आणि बिल पडेपर्यंत पंखा, कुकर, नवी भांडी सारे थांबते. हळदीचे सौदे निघाले की तासगाव-सांगलीकडे हात सैल होतो, तर 2019 किंवा 2021 सारखा कृष्णेचा पूर आला तर जुलै-ऑगस्टात नदीकाठच्या दुकानाचे शटरच उघडत नाही, मग तेथे कोणती योजना राबविणार? तेव्हा गाळप सुरू झाल्यावर आठ-दहा गावे फिर, दुकानदारांच्या उधारीच्या वह्या त्यांच्या परवानगीने पाहा, कोणत्या कारखान्याचे बिल कोणत्या महिन्यात पडले ते टिपून घे, आणि मगच तिमाहीचे आकडे मांड. पलूस आणि इस्लामपूर भागांत तुला कोणाकडे उतरता येईल ते मी चौकशी करून कळवितो. मामी म्हणते, त्या फेरीत चार दिवस येथे राहावयाचेच.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
मामा