प्रकाशझोतातील फुटबॉल आणि फ्लॅशविना छायाचित्रण

 

रात्रीच्या फुटबॉल सामन्याचे छायाचित्रण शिकू पाहणाऱ्याने सर्वप्रथम कॅमेऱ्यावरचा फ्लॅश काढून पिशवीत ठेवावा आणि सामना संपेपर्यंत तो बाहेर काढू नये. पेनल्टी अडवण्यासाठी रेषेवर उभ्या असलेल्या गोलरक्षकाच्या डोळ्यांवर ऐन क्षणी लख्ख प्रकाश पडला, तर तो खेळात केलेला हस्तक्षेपच ठरतो आणि त्यावरून मैदानात जी बोलणी खावी लागतात ती योग्यच असतात. परंतु शिष्टाचार क्षणभर बाजूला ठेवला तरी फ्लॅश येथे कामाचा नाही, आणि त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. एका लहान दिव्यातून निघालेला प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो, म्हणजे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. त्यामुळे पाच मीटरवरचा खेळाडू पांढराफटक दिसतो, तर वीस मीटरवरच्या खेळाडूला त्याच्या सोळाव्या हिस्स्याइतकाच प्रकाश मिळतो. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश वापरताना शटरचा वेग साधारणपणे १/२०० किंवा १/२५० सेकंदापलीकडे नेता येत नाही, आणि तेवढ्या वेळात मैदानावरचे दिवेही चित्रात आपली नोंद करतात. परिणामी एकाच खेळाडूच्या दोन आकृती उमटतात, एक फ्लॅशने गोठवलेली आणि दुसरी दिव्यांच्या उजेडात फरपटलेली.

प्रकाशझोतातील फुटबॉल ही नवी गोष्ट नाही. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात ब्रॅमल लेन मैदानावर १४ ऑक्टोबर १८७८ रोजी विजेच्या दिव्यांखाली सामना खेळला गेला होता, आणि तेव्हापासून दिवे कितीही सुधारले तरी छायाचित्रकाराची स्थिती बदललेली नाही. मैदानावरचा प्रकाश त्याने लावलेला नसतो, तो त्याला वाढवता येत नाही आणि हलवताही येत नाही. जे त्याच्या हाती उरते ते एवढेच की तो प्रकाश कोठे आहे, कोणत्या दिशेने येतो आणि कोणत्या क्षणी खेळाडूच्या चेहऱ्यावर पडतो हे ओळखणे. कॅमेऱ्याच्या चकत्या फिरवण्याची विद्या त्यानंतरची आहे, जरी शिकणारे तिच्यापासूनच सुरुवात करतात.

प्रकाश मोजण्याचे एकक लक्स हे आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते त्यावरून कळते. दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या मोठ्या सामन्यांसाठी मैदानावर दीड-दोन हजार लक्स प्रकाश अपेक्षित असतो, तर गावच्या मैदानावर तो दोनशेच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. गोव्यात मडगावला लागून असलेल्या फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर, जेथे २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले आणि जे एफसी गोवा या संघाचे घरचे मैदान आहे, पहिल्या प्रकारचा प्रकाश मिळतो. पण तेथे सीमारेषेजवळ बसण्यासाठी अधिकृत परवानगी आणि अंगावर छायाचित्रकाराचे जाकीट लागते, आणि ते नवशिक्याला सहसा मिळत नाही. त्याच सासष्टी तालुक्यातल्या कोणत्याही गावात रात्री चालणाऱ्या आंतरवाडा स्पर्धांना असा अडसर नसतो. तेथे चार किंवा सहा खांबांवर बसवलेल्या दिव्यांखाली, आयोजकांना आधी सांगून, रेषेपासून दोन हातांवर बसता येते. शिकण्यासाठी तीच जागा उत्तम, कारण जो दोनशे लक्समध्ये चित्र काढू शकतो त्याला दोन हजार लक्स म्हणजे चैन वाटते.

आकड्यांचा हिशेब एकदा मांडून ठेवलेला बरा. भिंगाचे छिद्र एफ २.८ इतके उघडे ठेवले आणि शटरचा वेग १/१००० सेकंद धरला, तर दीड हजार लक्स प्रकाशात आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाशग्राहकता, १६००च्या आसपास ठेवावी लागते. दोनशे लक्सच्या मैदानावर वेग १/५०० सेकंदावर उतरवूनही आयएसओ ६४००पर्यंत जावे लागते, आणि कोपऱ्यांत, जेथे खांबांचा प्रकाश पुरता पोहोचत नाही, त्याच्याही दुप्पट. येथे तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्याप्रमाणे कशावर काटकसर करायची हे ठरवावे लागते. जोरात मारलेला चेंडू सेकंदाला सुमारे २५ मीटर जातो असे धरले, तर १/५०० सेकंदात तो पाच सेंटिमीटर सरकतो; चेंडूचा व्यास २२ सेंटिमीटर असल्याने ती किंचित फरपट डोळ्याला खुपत नाही, उलट चेंडूला वेग असल्याचे जाणवते. १/१२५ सेकंदात मात्र तो २० सेंटिमीटर सरकतो, आणि चित्रात चेंडूऐवजी एक पांढरा पट्टा उरतो. म्हणून शटरचा वेग १/५००च्या खाली सहसा जाऊ देऊ नये, छिद्र भिंग देईल तेवढे उघडावे, आणि जी काही उणीव राहील ती आयएसओ वाढवून भरून काढावी.

आयएसओ वाढला की चित्रात नॉईज, म्हणजे बारीक रंगीत दाणे, दिसू लागतात आणि नवशिके त्याला फार भितात. ही भीती अनाठायी आहे. फिल्मच्या काळात छायाचित्रकार ४०० संवेदनक्षमतेची कोडक ट्राय-एक्स फिल्म १६०० समजून वापरीत आणि नंतर रसायनात जास्त वेळ धुऊन काढीत. त्या चित्रांतील खडबडीत दाणे आज कोणी दोष म्हणून दाखवत नाही. २००७ मध्ये निकॉनने डी३ हा कॅमेरा आणला आणि ६४०० ही संवेदनक्षमता वृत्तपत्राच्या छपाईस पुरेशी स्वच्छ मिळू लागली, त्यानंतर तर या तक्रारीत फारसा जीव राहिलेला नाही. दाणे असलेले पण स्पष्ट चित्र छापले जाते. स्वच्छ पण हललेले चित्र कोणी छापत नाही. मात्र एक पथ्य पाळावे. आयएसओ कमी ठेवून अंधारे चित्र घ्यायचे आणि घरी संगणकावर उजळायचे, हा मार्ग टाळावा, कारण दाणे सर्वाधिक सावल्यांतच असतात आणि उजळल्याने तेच वर येतात.

प्रकाश मोजण्याचे काम कॅमेऱ्यावर सोडू नये. रात्रीच्या चौकटीत काळ्या आकाशाचा भाग मोठा असला की यंत्र सगळेच अंधारे समजते आणि चेहरे नको तितके पांढरे करून टाकते. उलट चौकटीत एखादा दिवा आला की तेच यंत्र घाबरून सारे काही काळवंडून टाकते. सामन्याआधीच्या सरावात मैदानाच्या मध्यात, दोन्ही गोलांसमोर आणि कोपऱ्यांत प्रत्येकी काही चित्रे घेऊन त्यांवरून आकडे ठरवावेत आणि ते हाताने कायम करावेत. पांढरी जर्सी घातलेला संघ असेल तर त्या जर्सीवरची घडी अजून दिसते आहे का, एवढे तपासले की पुरते. रंगसंतुलनाचेही तसेच: जुने सोडियम दिवे पिवळेजर्द असतात, मेटल हॅलाइड दिव्यांत हिरवट झाक असते, म्हणून पांढऱ्या कागदावर रंगाचे माप एकदाच घेऊन ठेवावे आणि चित्रे रॉ स्वरूपात, म्हणजे संवेदकाकडून आलेली माहिती न दडपता, साठवावीत.

या विषयातील सर्वांत चकवणारी गोष्ट दिव्यांची लुकलुक ही आहे, आणि तिच्याकडे सविस्तर पाहिले पाहिजे. भारतातील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, प्रत्येक आवर्तनात दिवा दोनदा तेजाळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा त्याचा प्रकाश वरखाली होतो. डोळ्याला हे कळत नाही. परंतु १/१००० सेकंदात कॅमेरा त्या चढउताराचा दहावा हिस्साच पाहतो, आणि तो हिस्सा शिखरावरचा की दरीतला हे निव्वळ योगायोगावर अवलंबून राहते. त्यामुळे सलग घेतलेल्या आठ चित्रांतली तीन उजळ, दोन पिवळट आणि उरलेली मंद निघतात, आणि शिकणारा कॅमेरा बिघडला असे समजून तो दुरुस्तीला नेतो. वेगवान शटर हे प्रत्यक्षात संवेदकावरून सरकणारी एक अरुंद फट असते, म्हणून एकाच चित्राचा वरचा भाग उजळ आणि खालचा अंधारा असेही घडते. मोठ्या स्टेडियमवर दिवे विजेच्या तीन फेजांवर वाटून लावलेले असतात, त्यामुळे एकाची दरी दुसऱ्याचे शिखर भरून काढते. गावच्या मैदानावर सगळे खांब एकाच फेजवर असण्याची शक्यता अधिक. कॅननने २०१४ मध्ये सेव्हन-डी मार्क टू या कॅमेऱ्यात ही लुकलुक ओळखून शिखराच्या क्षणीच शटर सोडण्याची सोय दिली आणि आता ती इतरही कॅमेऱ्यांत आढळते. ज्याच्या कॅमेऱ्यात ती नाही त्याने वेग थोडा उतरवावा, सलग अनेक चित्रे घ्यावीत आणि त्यांतली बरी निवडावीत; इलेक्ट्रॉनिक शटर मात्र अशा दिव्यांखाली बंदच ठेवावे, कारण त्यात पट्टे अधिक ठळक उमटतात.

आता बसण्याच्या जागेविषयी. दिवे उंचावर असल्यामुळे गवतावर प्रकाश भरपूर पडतो, पण खेळाडूच्या चेहऱ्यावर तो तिरका येतो, आणि भुवयांखाली दोन काळे खड्डे दिसू लागतात. खाली पाहून चेंडू पुढे नेणारा खेळाडू म्हणूनच रात्री बहुधा निराश करतो. याच्या उलट हेडरचा क्षण पाहावा. कॉर्नरवरून चेंडू येतो, खेळाडू उडी घेतो, मान मागे टाकतो आणि डोळे चेंडूवर, म्हणजेच थेट खांबाच्या दिशेने वर जातात. त्याच क्षणी भुवयांखालची सावली पुसली जाते, कपाळावरचा घाम चमकतो, तोंड उघडे असते आणि मागे आकाश काळे असल्याने दुसरे काहीच लक्ष वेधून घेत नाही. त्यात आणखी एक लाभ असा की उडीच्या उंचीचा वरचा चौथा हिस्सा पार करून परत येण्यास एकूण हवेतील वेळेपैकी निम्मा वेळ लागतो, म्हणजे शिखराजवळ शरीर जणू थांबलेले असते आणि तेथे १/३२० सेकंदही चालून जातो. फ्री किकपूर्वी पाय मागे गेलेला असतो तो क्षण, थ्रो-इनच्या वेळी डोक्यामागे नेलेले हात, पंचाशी हुज्जत घालणारा कर्णधार, या सर्वांत हालचाल क्षणभर मंदावते आणि तुटपुंजा प्रकाशही पुरतो.

म्हणून गोलरेषेमागे, पेनल्टी क्षेत्राच्या कोपऱ्याच्या सरळ रेषेत, गुडघे टेकून बसावे, आणि दोन बाजूंपैकी ती निवडावी जिच्या पाठीमागे खांब जवळ आहे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडतो. सतत जागा बदलत धावणारा छायाचित्रकार प्रत्येक क्षणाला उशिरा पोहोचतो. फोकससाठी चौकटीतला मधला बिंदू निवडावा, तो खेळाडूच्या छातीवरील क्रमांकावर ठेवावा आणि चेंडू येण्याआधीपासूनच त्याचा पाठलाग सुरू करावा, कारण मंद प्रकाशात यंत्राला पकड बसण्यास वेळ लागतो.

भिंगाच्या खरेदीत नवशिक्याने घाई करू नये. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी स्वस्त झूम भिंगे लांब टोकाला एफ ५.६पर्यंतच उघडतात, तर ८५ मिलिमीटरचे एफ १.८ भिंग त्यांच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते आणि ७०-२०० एफ २.८ या व्यावसायिक भिंगाच्या तुलनेत बरेच स्वस्त पडते. त्याचा पल्ला आखूड आहे हे खरे; तेवढ्याने अर्ध्या मैदानाचा मोह सोडावा लागतो आणि आपल्या बाजूच्या पेनल्टी क्षेत्रात काय घडते तेवढेच टिपावे लागते, ही शिकण्याच्या दृष्टीने अडचण मुळीच नाही. मोठे भिंग हवेच असेल तर अंतिम सामन्यापुरते भाड्याने घ्यावे. दवाने ओलसर झालेल्या गवतावर ठेवलेली पिशवी आणि थंड खोलीतून एकदम दमट हवेत आणलेले भिंग यांपासून मात्र जपावे. भिंगावर बाष्प बसले की पहिला अर्धा तास हातचा जातो.

सामना संपल्यावर दोन्ही संघांची नावे आणि जर्सी क्रमांकांची यादी आयोजकांकडून लगेच मागून घ्यावी आणि चित्रांखालच्या ओळी त्याच रात्री लिहाव्यात. दुसऱ्या दिवशी नऊ क्रमांकाचा खेळाडू उत्तरार्धात बदलला होता की नव्हता हे कोणालाच धड आठवत नाही, आणि चुकीच्या नावाने छापलेले उत्तम चित्र गावात वर्षभर ऐकवले जाते.